नुसता लेपच तर आहे!

‘पोटात थोडंच घ्यायचंय, नुसता लेपच तर आहे!’ गुडघेदुखीवर मुळी उगाळताना हे वाक्य पुष्कळ घरांत ऐकू येतं. मुळी बचनागाची असेल तर मला धडकीच भरते. हिमालयातल्या या वनस्पतीतलं ॲकोनिटिन कातडीतून रक्तात उतरतं. कातडी खरचटलेली असली तर अधिकच. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा. दुखणं थांबलंसं वाटतं ते त्यामुळेच! मात्रा वाढली की हृदयाचे ठोके विस्कटतात, आणि त्यावर नेमका उतारा नाही. आयुर्वेदानं बचनागाला विषातच गणलं आहे. गोमूत्रात वा दुधात शोधन केल्याशिवाय वापरू नये, असं सांगितलं. शिजवल्यानं विष बरंच मोडतं. कच्ची मुळी उगाळणाऱ्याला हे कोण सांगणार? लेपानंतर ओठांना, जिभेला मुंग्या आल्या तर लेप धुऊन तडक इस्पितळ गाठावं.