ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बाहेरून फिल्टर: कचरा अडतो, उष्णता अडत नाही

दोंडाईच्याहून निघायचं, सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडायची, शहादा मागे टाकून तोरणमाळचा घाट चढायचा. मे महिन्यात ऑटोमॅटिक गाडीचा कस पाहायला आपल्या भागात याहून अवघड रस्ता क्वचितच असेल. खाली पारा ४२-४३ अंशांवर, गाडीत सात माणसं, एसी पूर्ण जोरात आणि वीस-पंचवीसच्या वेगाने वळणामागून वळण. अशा काही फेऱ्यांनंतर गिअर बदलताना झटका बसू लागला की मालक धास्तावतो आणि त्याला एक सल्ला हमखास मिळतो: गिअरबॉक्सच्या ऑइलच्या पाइपात बाहेरून फिल्टर टाकून घ्या.

सल्ला चुकीचा नाही. चुकतात त्या फिल्टरकडून ठेवलेल्या अपेक्षा. त्या भरवशावर राहून धडधाकट गिअरबॉक्स जळू शकतो, म्हणून एकेक समजूत तपासून पाहू.

“क्लच नाही म्हणजे ऑइल कूलर असणारच”

२०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये ए.एम.टी. आणली आणि बिनक्लचची गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पण ए.एम.टी. म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं माणसाऐवजी एक यंत्रणा करते. त्यातलं गिअर ऑइल गिअरबॉक्समध्येच राहतं, थंड व्हायला बाहेर जात नाही. पाइपच नाही, तर फिल्टर बसवणार कुठे? कोरड्या क्लचच्या डी.सी.टी., म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांचंही तेच.

हा विषय खऱ्या अर्थाने टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्यांचा आहे. इनोव्हा क्रिस्टाचं ऑटोमॅटिक मॉडेल, फॉर्च्युनर, नाशिकच्या कारखान्यातून येणारी ऑटोमॅटिक थार, ही त्यातली ओळखीची नावं. टॉर्क कन्व्हर्टरच्या सगळ्याच गाड्यांतही फिल्टरला जागा मिळत नाही. हल्ली बऱ्याच गिअरबॉक्सवर पातळ पत्र्यांच्या थरांचा छोटा कूलर थेट बोल्टने बसवलेला असतो. त्यात इंजिनाचं कूलंट पाइपांतून येतं, गिअरबॉक्सचं ऑइल बाहेर पडतच नाही. तिथे फिल्टर टाकायला गेलेला फिटर चुकून कूलंटचा पाइप कापायचा. त्यामुळे गाडी रॅम्पवर चढवून ऑइलचे पाइप खरोखर बाहेर येतात का, हे आधी डोळ्यांनी पाहावं.

“फिल्टर बसवला की ऑइल थंड राहतं”

सर्वांत जास्त नुकसान ही समजूत करते. चहा गाळल्याने थंड होत नाही, तसंच हे आहे. फिल्टर कण अडवतो. उष्णता बाहेर टाकणं हे कूलरचं काम.

उष्णता येते कुठून? टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाकडचं चाक ऑइल फेकतं आणि त्या ऑइलच्या माऱ्याने गिअरबॉक्सकडचं चाक फिरतं. दोन्ही चाकांच्या वेगात जो फरक पडतो, त्यामुळे बरीच शक्ती ऑइल तापवण्यात जाते. सपाट रस्त्यावर एकसारखा वेग मिळाला की आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू एकत्र जखडतो आणि ही उष्णता जवळजवळ थांबते. म्हणून धुळे-सुरत महामार्गावर ८०-९० ने जाणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स भर उन्हातही निवांत असतो आणि कोंडाईबारीच्या घाटात ट्रकमागे रांगणारी तीच गाडी तापते. मिरचीच्या हंगामात टेम्पो-ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलेली किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या गर्दीत इंचाइंचाने सरकणारी गाडी तर वाऱ्यालाही मुकलेली असते. तिथे कूलरवरून हवा नेण्याची सगळी भिस्त पंख्यावर असते.

अमेरिकन गॅरेजवाले पिढ्यान् पिढ्या एक ढोबळ हिशेब वापरत आले आहेत: साधारण ८० अंशांच्या पुढे ऑइलचं तापमान दर दहा-अकरा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. आजची सिंथेटिक ऑइलं त्यापेक्षा जास्त सोसतात, पण दिशा तीच आहे. ऑइल जळलं की त्यातली घर्षण सांभाळणारी रसायनं संपतात, क्लच प्लेटा घसरू लागतात, घसरल्याने आणखी तापतात. हे चक्र कोणताही फिल्टर तोडू शकत नाही.

म्हणून आपल्याकडे पैसे आधी कूलरवर खर्च व्हावेत. खानदेशात दिवाळीच्या आगेमागे कापसाचे तंतू, शेतातला भुसा आणि किडे रेडिएटरच्या पुढच्या जाळीत नमद्यासारखे अडकतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत तो थर बसलेला असतो. हलक्या दाबाच्या पाण्याने, जमल्यास इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला तो धुवून काढावा. वॉशिंग सेंटरची जोराची पिचकारी जवळून मारली तर जाळीची पानं वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. एवढं करूनही घाटात ऑइल तापतच असेल, तर गाडीला मानवणारा जादा एअर कूलर लावणं हा उपाय आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना तो जगभर लावतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ धातूचा पडदा. उन्हाळ्यात रेडिएटरची पातळी उतरली की बोअरचं पाणी ओतायची आपल्याकडे सवय आहे. बोअरचं पाणी जड. त्याने क्षार साचतात, कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं पातळ होतात आणि तो पडदा आतून खाल्ला जातो. पडद्याला भोक पडलं की दोन्ही द्रव मिसळतात. लाल ऑइलचं गुलाबी, दुधाळ मिश्रण होतं, क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं आणि बहुतेक वेळा गिअरबॉक्स खोलावाच लागतो. पाणी मिसळलेलं ऑइल फिल्टरमधून आरामात निघून जातं. कंपनीने सांगितलेलं तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटर, एवढंच रेडिएटरमध्ये गेलं पाहिजे.

“आपल्याकडे धूळ फार, म्हणून जादा फिल्टर हवा”

धुळीचा धोका इंजिनाला. ते सतत हवा ओढत असतं, म्हणून एअर फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. गिअरबॉक्स जवळपास बंद पेटी आहे. दाब सांभाळण्यापुरतं एक छोटं ब्रीदर असतं, तेवढंच. आतला कचरा गिअरबॉक्स स्वतःच तयार करतो: क्लच प्लेटांच्या कागदी अस्तराचा काळा बारीक गाळ, दात्यांची पोलादी भुकटी, थोडं अ‍ॅल्युमिनियम, थोडं पितळ. बाहेरून आत जाण्याची खरी भीती आहे ती पाण्याची. पावसाळ्यात फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि पाणी ब्रीदरपर्यंत पोहोचलं, तर तापलेला गिअरबॉक्स एकदम थंड होताना ते आत ओढून घेऊ शकतो.

काही फिल्टरमध्ये चुंबकही असतो, त्याची मर्यादा ध्यानात ठेवावी. पोलादाची भुकटी तो पकडतो, पण अस्तराचा गाळ, अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ यांच्याशी त्याला देणंघेणं नाही.

“आत फिल्टर नसतो, म्हणून बाहेर लावतात”

आत फिल्टर असतो. तो चेंबरमध्ये, पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो, म्हणूनच त्याला फार बारीक करता येत नाही. थंडीत दाट झालेलं ऑइल बारीक फिल्टरमधून ओढताना पंप उपाशी राहील. जाळीचे असे फिल्टर साधारण ५० ते १०० मायक्रॉनच्या पुढचे कण अडवतात, फेल्टचे त्याहून बारीक. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसाहून बारीक पुष्कळ काही जाळीतून निसटतं. कूलरच्या परतीच्या पाइपात ऑइल दाबाने वाहत असतं, तिथे जास्त बारीक फिल्टर चालतो. कल्पनेचं मूळ हे आहे आणि ते पक्कं आहे. अ‍ॅलिसन १००० या गिअरबॉक्सला इंजिनासारखा फिरवून काढता येणारा फिल्टर कंपनीनेच बाहेर दिला. फोर्डच्या मोठ्या पिकअपमधल्या टॉर्कशिफ्टलाही कूलरच्या पाइपावर वेगळा फिल्टर होता.

“पेट्रोलचा फिल्टर लावला तरी भागतं”

इथे माझं मत ठाम आहे: अजिबात लावू नये. कूलरकडून परतणारं ऑइल बहुतेक गिअरबॉक्समध्ये पुढे वंगणाला जातं, आतल्या गिअर आणि बुशांवर. कोंदलेल्या फिल्टरने ती वाट अडवली, तर स्वच्छ ऑइलच्या हट्टापायी गिअर कोरडे पडतील. म्हणून या कामासाठीच बनवलेल्या फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टर भरला की ऑइल न गाळता का होईना, पण पुढे जातं. मॅग्नेफाइन हा या प्रकारातला जुना, नावाजलेला फिल्टर. त्यात कागद, चुंबक आणि बायपास तिन्ही आहेत. साध्या पेट्रोल फिल्टरला बायपास नसतो आणि त्याची प्लास्टिकची टाकी शंभर अंशांच्या पुढच्या दाबाखालच्या ऑइलसाठी बनवलेली नसते.

रबरी पाइपही ट्रान्समिशन ऑइलसाठीचाच हवा. तो जोडायचं लोखंडी टोक गुळगुळीत कापलेलं असून चालत नाही. त्याला उभार कडा हवी, नाहीतर पाइप निसटतो. निसटला तर काही मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा होतो, आणि गरम सायलेन्सरच्या पाइपावर सांडलेलं ऑइल पेटही घेऊ शकतं. फिल्टरवरचा बाण ऑइलच्या वाहण्याच्या दिशेला ठेवावा. जाणारा पाइप कोणता आणि येणारा कोणता, हे अंदाजाने न ठरवता कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बघावं. गाडी वॉरंटीत असेल तर पाइप कापण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात.

“फिल्टर आहे, आता ऑइल बदलायला नको”

या समजुतीमागे एक भीती आहे: जुनं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो. बहुतेकदा घडतं असं, की प्लेटा आधीच घसरत असतात, मालक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतो आणि दोष नव्या ऑइलवर येतो. त्यातून लोक ऑइलला हात न लावता फिल्टरकडे वळतात. पण संपलेली रसायनं फिल्टर परत आणत नाही. ‘आयुष्यभराचं ऑइल’ म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सबद्दलही, ते बनवणारी जर्मन कंपनी झेड.एफ. स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा फार तर आठ वर्षांत ऑइल बदलायला सांगत आली आहे. आपलं ऊन आणि घाट पाहता त्यातला कमी आकडा धरावा. नट खोलून सोडलं तर सगळं ऑइल निघत नाही. कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये बरंच उरतं, म्हणून थोडं अंतर चालवून पुन्हा एकदा बदलणं हा जुन्या गाडीसाठी सौम्य मार्ग आहे. ऑइल मात्र पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच हवं. सी.व्ही.टी. प्रकारच्या ऑटोमॅटिकचं वेगळं असतं, त्यात साधं ए.टी.एफ., म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं ऑइल, घालून चालत नाही.

मग फिल्टर लावायचा कधी?

गिअरबॉक्स ओव्हरहॉल झाला असेल तेव्हा नक्की. जुन्या गिअरबॉक्सचा चुरा कूलरच्या बारीक नळ्यांत अडकून बसलेला असतो. कितीही फ्लश केला तरी थोडा उरतो, आणि नवीन गिअरबॉक्स चालू होताच पहिल्या तापलेल्या ऑइलबरोबर सुटून थेट नव्या गिअरबॉक्समध्ये जातो. परतीच्या पाइपातला, म्हणजे कूलरच्या नंतरचा फिल्टर नेमका तोच चुरा पकडतो. अशा वेळी पहिला फिल्टर लवकर, हजारेक किलोमीटरच्या आतच बदलावा.

फिल्टर बसवताना थोडं ऑइल सांडतंच, त्यामुळे पातळी पुन्हा बघावी लागते. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत ती इंजिन चालू ठेवून, कंपनीने सांगितलेल्या तापमानालाच बघायची असते, थंड गाडीवर नाही. काढलेला जुना फिल्टर फेकू नका, मिस्तरीला तो कापून दाखवायला सांगा. कागदावर थोडी काळसर राखाडी भुकटी असेल तर ती नेहमीची झीज आहे. काळा जाड गाळ आणि जळका वास असेल तर क्लच प्लेटा जात आहेत. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे मिळाले, तर गाडी घाटात न नेता आधी चेंबर उघडून घ्या.