घरच्या कॉम्प्युटरची रोजची कामं आणि मुक्त सॉफ्टवेअर

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता जिथे भेटतात, त्या द्वारका चौकातून संध्याकाळी पलीकडे जाणं किती अवघड असतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तरीही एखादी पीडीएफ लहान करायची, फोटोचं माप बसवायचं किंवा मराठी अर्ज टाइप करून घ्यायचा म्हणून काठे गल्ली, टाकळी रोड भागातली माणसं गर्दीतून वाट काढत झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभी राहतात. यातल्या अनेकांच्या घरी कॉम्प्युटर असतो. दुकानात वेळ जातो तो जातोच, शिवाय आधार कार्ड, पासबुक, दहावीचं मार्कशीट तिथल्या कॉम्प्युटरच्या ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतं. पुढे ते कोण उघडतं, हे आपल्याला कधीच कळत नाही.

ही सगळी कामं घरी होतात. त्यासाठी विकत घ्यावं लागत नाही आणि चोरूनही आणावं लागत नाही असं उत्तम सॉफ्टवेअर उपलब्ध आहे.

मुक्त म्हणजे नेमकं काय

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता यावं, ते कसं चालतं हे पाहता यावं, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि त्यात बदल करून तेही वाटता यावेत, असे चार हक्क वापरणाऱ्याला हवेत, ही त्याची भूमिका होती. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं आणि या विचाराला चालती-फिरती ऑपरेटिंग सिस्टिम मिळाली. घरच्या माणसासाठी याचा अर्थ सरळ आहे. मुदत संपत नाही, ‘लायसन्स की’ लागत नाही आणि पेन ड्राइव्हवर प्रत घेऊन शेजाऱ्याला दिली तर तो गुन्हा होत नाही.

याच्या उलट, ओळखीच्या माणसाने ‘टाकून दिलेलं’ क्रॅक सॉफ्टवेअर. ते बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हाच सावध व्हायला हवं. ज्या कॉम्प्युटरवर आपण नेटबँकिंग करतो, त्याचं दार आपणच अनोळखी माणसाला उघडून देतो. फुकट मिळालं म्हणून ते स्वस्त पडत नाही.

जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या असंख्य मशीनवर ते बसतच नाही. अशा मशीनसाठी ‘लिनक्स मिंट’ हा मला सर्वांत सोयीचा पर्याय वाटतो. २ जीबी रॅमवर ते कसंबसं चालतं, ४ जीबीवर नीट चालतं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर कॉम्प्युटरच्या वेगात पडणारा फरक घरातल्या कुणाच्याही लक्षात येईल.

बसवण्याआधी करून बघायची सोय आहे आणि ती सोडू नये. मिंटची फाइल अधिकृत साइटवरून उतरवा, ‘रूफस’ किंवा ‘एचर’ वापरून पेन ड्राइव्हवर चढवा आणि कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो रिकामा घ्या. हार्ड डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम समोर येते. त्याच अवस्थेत वायफाय जोडा, आवाज तपासा आणि मुख्य म्हणजे प्रिंटरवर एक पान छापून बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात. काही कंपन्यांचे त्रास देतात, आणि ते आधी कळलेलं बरं.

घरात टॅलीवर काम चालत असेल, कोरलड्रॉवर पोट असेल किंवा डिजिटल सही विंडोजवरच चालत असेल, तर विंडोज ठेवा. खाली सांगितलेली जवळपास सगळी सॉफ्टवेअर विंडोजवरही चालतात.

मराठी टायपिंग: सर्वांत जास्त अडणारी जागा

सोसायटीचं पत्र, लग्नपत्रिकेचा मजकूर, ग्रामपंचायतीला अर्ज. घरी टाइप केलेला मजकूर दुसरीकडे उघडला की अगम्य रोमन अक्षरं दिसतात, हा अनुभव महाराष्ट्रात घरोघरी आहे. कारण जुन्या फॉन्टमध्ये आहे. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आत रोमन अक्षरंच साठवतो. त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकार काढलेले असतात, इतकंच. फॉन्ट नसला की आतलं रोमन उघडं पडतं. असा मजकूर शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही, वर्णानुक्रमे लावता येत नाही.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. म्हणून युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्र सटाण्यातल्या मोबाइलवर आणि शिकागोतल्या लॅपटॉपवर सारखंच वाचता येतं. आज घरी नवं काहीही लिहिताना जुना फॉन्ट वापरायला एकही सबळ कारण उरलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी वेगळं काही उतरवावं लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. उच्चारानुसार टाइप करायचं असेल तर ‘मराठी फोनेटिक’ही मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी बदलतं. लिनक्स मिंटमध्येही कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही पर्याय आहेत.

रोज थोडं तरी लिहिणाऱ्याने इन्स्क्रिप्ट शिकावं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही रचना ठरवली. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. हलंत इंग्रजी ‘डी’च्या कळीवर, ‘र’ ‘जे’च्या कळीवर. ‘धर्म’ लिहायचं तर ध, र, हलंत, म. म्हणजे जसं बोलतो त्याच क्रमाने. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ शिफ्ट धरून ‘जे’ दाबल्यावर येतो, त्यापुढे हलंत आणि मग य किंवा ह. ‘ळ’ शिफ्ट आणि ‘एन’वर. एवढं हाताला बसलं की निम्मी अडचण संपते.

फॉन्टही भरपूर आहेत आणि परवान्याने मुक्त आहेत: मुंबईच्या एक टाइप या गटाचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका, रेड हॅटचा लोहित, गुगलचा नोटो. पत्रासाठी मुक्ता सुबक दिसतो. संस्कृत श्लोक, जोडाक्षरं असतील तर शोभिका घ्या.

आता लिब्रेऑफिस. ओपनऑफिसमधून २०१० मध्ये वेगळा झालेला हा संच पत्र, तक्ते, सादरीकरण सगळं करतो आणि त्याचे मेनू मराठीतही मिळतात. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी शिकलेल्या पिढ्यांचा हात एमएस ऑफिसवर बसलेला आहे, त्यांनी ‘व्ह्यू’मधून ‘टॅब्ड’ रूप निवडलं की पडदा ओळखीचा वाटेल. वर्डच्या फाइल उघडतात, वर्डच्या स्वरूपात जतनही होतात. एका ठिकाणी मात्र मराठी माणूस हमखास अडतो: फॉन्टचा आकार बदलला तरी देवनागरी अक्षर बदलत नाही. ‘टूल्स’मधल्या ‘ऑप्शन्स’मध्ये भाषेच्या भागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करा, तिथे मराठी निवडा आणि देवनागरीचा फॉन्ट वेगळा ठरवा. एकदा केलं की कायमचं होतं. छापायला देताना फाइल पीडीएफ करून द्या, म्हणजे दुकानदाराकडे आपला फॉन्ट नसला तरी पान बिघडत नाही.

अर्ज, फोटो आणि सही

ऑनलाइन अर्ज रात्री अकराला अडतो तो बहुतेक वेळा फोटोच्या मापावर. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जाचं उदाहरण घ्या: फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. प्रत्येक अर्जाची मापं वेगळी असतात, सूचनापत्र आधी वाचावं.

‘गिंप’ हे छायाचित्रांचं मुक्त सॉफ्टवेअर यासाठी पुरून उरतं. आधी फोटो हव्या त्या प्रमाणात कापा, मग ‘स्केल इमेज’मध्ये पिक्सेल भरा, नाहीतर चेहरा ताणलेला दिसतो. नंतर ‘एक्सपोर्ट’ करताना जेपीजी निवडा. पुढच्या खिडकीत गुणवत्तेची पट्टी असते. ‘प्रिव्ह्यू’वर खूण केली की पट्टी सरकवताना फाइल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर काळ्या शाईने करा, रेघांच्या वहीवर नको. मूळ मोठा फोटो वेगळ्या नावाने जपून ठेवा. लहान केलेला पुन्हा मोठा करून नीट होत नाही.

स्कॅन आणि पीडीएफ

घरी स्कॅनर असेल तर ‘नॅप्स-२’ बसवा. अनेक पानं स्कॅन करून एकच पीडीएफ होते. साध्या कागदपत्राला १५० ते २०० डीपीआय आणि करडा रंग पुरेसा असतो. दुकानात ‘कॉम्प्रेस’ करायला न्याव्या लागणाऱ्या अनेक फाइल उगाच ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केलेल्या असतात. पानं जोडायला, फिरवायला, नको ती काढायला ‘पीडीएफ अरेंजर’ आहे.

नॅप्स-२ मध्ये छापील पानावरची अक्षरं ओळखण्याची सोयही आहे. ती ‘टेसरॅक्ट’ या इंजिनावर चालते. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ दरम्यान बनलेलं हे इंजिन २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि त्यात मराठी आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर अडकला असेल तर तो छापा, स्कॅन करा आणि या मार्गाने युनिकोडमध्ये आणा. चुका राहतात, वाचून दुरुस्त कराव्या लागतात, पण पूर्ण टाइप करण्यापेक्षा खूपच सोपं पडतं.

आधारची प्रत द्यायची असेल तर आधी ‘मास्क्ड आधार’ चालतो का विचारा. त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. हे सर्वांना माहीत आहे, तेव्हा त्या कुलपावर विसंबू नये.

हिशेब

घरखर्च आणि सोसायटीच्या देखभालीसाठी लिब्रेऑफिसचं ‘कॅल्क’ पुरे. बँकेचं सीएसव्ही स्टेटमेंट उघडताना मराठी नावं विचित्र दिसली तर ‘यूटीएफ-८’ निवडा.

कॅसेट आणि व्हिडिओ

पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेलं ‘व्हीएलसी’ जवळपास कुठलीही फाइल चालवतं. २०२२ मध्ये त्याची अधिकृत साइट भारतात काही महिने बंद होती, नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुली झाली. त्यामुळे मिळेल तिथून उतरवायची सवय काहींना लागली असेल तर ती मोडा.

घरात आजीच्या ओव्या, एखाद्या कीर्तनाची किंवा बारशाची कॅसेट असेल तर ते काम मात्र पुढे ढकलू नका, फीत दरवर्षी खराब होते. टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून कॉम्प्युटरच्या ‘लाइन-इन’मध्ये वायर जोडा आणि ‘ऑडॅसिटी’त रेकॉर्ड करा. फितीची खरखर कमी करता येते, पण हलक्या हाताने. जास्त केलं की आवाज पत्र्यासारखा होतो. मूळ प्रत ‘फ्लॅक’मध्ये ठेवा, नातेवाइकांना पाठवायला एमपी-३ करा.

लाइट गेली, डिस्क गेली

लिब्रेऑफिस दर दहा मिनिटांनी स्वतःहून फाइल वाचवून ठेवतं. हा काळ सेटिंगमध्ये तीन मिनिटांवर आणा. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. बहिणीच्या घरी ठेवलेली हार्ड डिस्कही चालते. ‘फ्रीफाइलसिंक’ फक्त बदललेल्या फाइल कॉपी करतं, त्यामुळे दर रविवारी थोडक्यात काम होतं. मोबाइलमधले फोटो घरच्या वायफायवरून कॉम्प्युटरवर आणायला ‘लोकलसेंड’ वापरा.

पासवर्ड वहीत किंवा व्हॉट्सॲपवर लिहून न ठेवता ‘कीपासएक्ससी’त ठेवा. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात. तिची किल्ली विसरली तर कुणीच उघडू शकत नाही, हे लक्षात असू द्या.

शिकायचं कुठे

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिब्रेऑफिस, गिंप, लिनक्स यांचे छोटे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. पाहता पाहता बाजूला तीच कृती करायची, अशी त्यांची रचना आहे, आणि कोचिंग क्लासपेक्षा ती मला जास्त उपयोगी वाटते. दृष्टिहीन व्यक्तीसाठी ‘एनव्हीडीए’ हे पडदा वाचून दाखवणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे, तेही मराठी वाचतं.

ही सॉफ्टवेअर मराठीत दिसतात ती लोकांनी स्वेच्छेने भाषांतर केल्यामुळे, आणि बरीच वाक्यं अजून इंग्रजीतच आहेत. लिब्रेऑफिसचं भाषांतर ‘वेबलेट’वर आणि फायरफॉक्सचं ‘पाँटून’वर कुणालाही करता येतं, प्रोग्रामिंग यावं लागत नाही. ज्यांचं मराठी चांगलं आहे त्या शिक्षकांनी, निवृत्तांनी, विद्यार्थ्यांनी तिथे खातं उघडावं आणि आठवड्याला चार वाक्यं तरी मराठीत आणावीत.