सिनेगॉगमधला पडदा कोण शिवतं? आणि तो जुना झाल्यावर त्याचं काय होतं?

आजीचं लुगडं विरलं की त्याची गोधडी होते, हे मराठी घरात कुणाला सांगावं लागत नाही. ज्यू धर्मात मात्र घरातलं असं कापड थेट प्रार्थनास्थळात पोहोचतं. आणि ते शिवणारे हात बहुतेकदा बायकांचे असतात.

महाराष्ट्रातले ज्यू म्हणजे प्रामुख्याने बेने इस्रायली. कोकणात ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. सॅम्युएल दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे अलिबाग, पनवेल, पेण इथेही सिनेगॉग उभी राहिली.

कापड लागतं कशाला?

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. चर्मपत्रावर हाताने लिहिलेला तोरा हा धर्मग्रंथ तिथे सर्वात पवित्र. तो ज्या कपाटात ठेवतात, त्यापुढचा पडदा म्हणजे पारोखेत. शिवाय तोरा गुंडाळायला पट्टी लागते आणि लग्नात वधू-वरांवर धरायला छत, म्हणजे हुप्पा.

घरातून सिनेगॉगमध्ये

जर्मनीतल्या ज्यू घरांत मुलाच्या सुंतेच्या वेळचं कापड जपून ठेवायचे. आई किंवा आजी त्याच्या पट्ट्या जोडून त्यावर बाळाचं नाव आणि जन्मतारीख भरायची. तीच पट्टी पुढे तोराला बांधली जायची. आपल्याकडे कोचीनच्या ज्यूंमध्ये बायकांच्या सणाच्या मुंडूपासून पडदे केले जात.

जुनं झालं की?

तोराचं कापड एकदा पवित्र झालं की त्याचं फडकं करता येत नाही. ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ तालमूद सांगतो, की तोराची विरलेली वस्त्रं बेवारस मृताच्या कफनासाठी वापरावीत. ज्याला कुणी नाही, त्याच्या वाट्याला सर्वात पवित्र कापड येतं.

नाव कुणाचं?

अशा पडद्यांवर अनेकदा कुणाच्या तरी स्मरणार्थ दिल्याचं लिहिलेलं असतं. शिवणारीचं नाव क्वचितच. इटलीत 1680-81 मध्ये सिम्हा नावाच्या बाईने भरलेल्या पडद्यावर तिचं नाव आहे. म्हणून न्यूयॉर्कच्या ज्यू म्युझियममध्ये आज तो तिच्या नावाने ओळखला जातो.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायली इस्रायलला गेले. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोवर समाज खूप लहान झाला होता. इथल्या पडद्यांवर कुणाची सुई चालली, हे सांगू शकणारे लोकही आता थोडेच उरलेत. त्यामुळे पडदा जपताना तो कुणी शिवला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवणंही तितकंच गरजेचं आहे.