भूमिगत वाहिन्या टाकण्याच्या पद्धती

पाणी, सांडपाणी, वायू, वीज वा दूरसंचाराच्या वाहिन्या जमिनीखाली बसविण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत: उघडी खोदाई व विनाखोदाई.

उघड्या खोदाईत जेसीबीने चर खणून, तळाशी वाळू पसरून नळ मांडतात व माती थराथराने दाबतात. ही पद्धत स्वस्त. परंतु नालासोपारा पूर्वेकडील तुळिंजसारख्या दाट वस्तीत चर खणणे म्हणजे रस्ताच अडविणे.

विनाखोदाई पद्धतीत यंत्र प्रथम जमिनीत तिरपे, अरुंद छिद्र पाडते. छिद्रकाच्या टोकाजवळील प्रक्षेपकाच्या संकेतांवरून त्याची खोली व दिशा वरून समजते. नंतर छिद्र रुंदावून नळ किंवा केबल मागे ओढून घेतात. बेंटोनाइट चिकणमातीचे द्रावण छिद्र ढासळू देत नाही. रेल्वेरुळांखालून वाहिनी नेण्यास ही पद्धत सोयीची असते.

खोल खड्डे मात्र बोगद्याच्या कामातही टळत नाहीत, आणि खरा धोका तेथेच असतो. वसई-विरार व मीरा-भाईंदरसाठीच्या सूर्या पाणीपुरवठा योजनेच्या कामावर, वसई तालुक्यातील ससूनवघर येथे, मे २०२४ मध्ये खड्ड्यालगतची माती कोसळून पोकलेनसह त्याचा चालक गाडला गेला. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षानियमांनुसार १.५ मीटर वा अधिक खोल चराच्या बाजूंना पुरेसा उतार किंवा भक्कम आधार द्यावा लागतो.