पॅरिसचा पास घेण्याआधी हिशेब करा

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत आज कोणी ना कोणी फ्रान्समध्ये आहे. कोणाचा मुलगा शिकायला गेला, कोणाची बहीण तिकडेच संसाराला लागली. त्यामुळे वर्षाअखेरीच्या बोनसमधून थोडे थोडे बाजूला टाकून आईवडील, मुले आणि आजी असा सगळा परिवार एकदा तरी पॅरिसला जाऊन येतो. विमानाच्या तिकिटाचा भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. परंतु तिथे पोचल्यावर जे पैसे जातात, म्हणजे वस्तुसंग्रहालये, मेट्रो आणि पैसे बदलणे, त्यांचा हिशेब फार थोडे लोक आधी करतात. कोणीतरी सांगतो, "पास घ्या, सगळे आत येते", आणि माणशी एक पास विकत घेतला जातो.

सगळे आत येत नाही, ही पहिली गोष्ट. पॅरिस म्युझियम पास ४८, ९६ किंवा १४४ तासांचा मिळतो. त्यात लूव्र, ओर्से, व्हर्सायचा राजवाडा, विजयकमान, नेपोलियनची समाधी अशी बरीच ठिकाणे आहेत. आयफेल टॉवर मात्र त्यात नाही. नोत्र-दामचे देवालय डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले. तिथे आत जायला पैसेच पडत नाहीत, तेव्हा पासचा प्रश्नच नाही. व्हर्सायला राजवाडा पासात येतो, पण ज्या दिवशी कारंजी चालू असतात त्या दिवशी बागेचे तिकीट वेगळे. आपल्या मुलांना तर कारंजीच पाहायची असतात!

दुसरी गोष्ट तासांची. पहिल्या दारात पास दाखवला की घड्याळ सुरू होते आणि ते थांबत नाही. समजा सोमवारी सकाळी ४८ तासांचा पास सुरू केला. सोमवारी ओर्से आणि व्हर्साय बंद, मंगळवारी लूव्र बंद. म्हणजे तीन मोठ्या ठिकाणांपैकी सोमवारी फक्त लूव्र पाहता येते, आणि ओर्से व व्हर्साय दोन्ही मंगळवार आणि बुधवारच्या सकाळीत बसवावी लागतात. हाच पास बुधवारी सुरू केला तर तिन्ही हव्या त्या क्रमाने पाहता येतात. शिवाय लूव्रला पास असला तरी वेळ आधी राखून ठेवावी लागते. ही राखणी फुकट असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी आपल्या हिवाळी सुट्टीत, जागा लवकर संपतात. पास हातात आणि दार बंद, असे होऊ शकते. म्हणून आधी लूव्रची वेळ पक्की करावी आणि मगच पासाचा दिवस ठरवावा.

आता घरातील माणसे मोजू. अठरा वर्षांखालील मुलांना लूव्र, ओर्से, व्हर्साय येथे प्रवेश फुकट आहे, मग ती कोणत्याही देशाची असोत. त्यांच्यासाठी पास घेणे म्हणजे पैसे पाण्यात. तिकडे शिकणारा आपला मुलगा २६ वर्षांखालील असेल आणि फ्रान्समध्ये राहत असल्याचा कागद त्याच्याजवळ असेल, तर राष्ट्रीय संग्रहालयांत त्यालाही पैसे पडत नाहीत. उरले आपण प्रौढ. आपल्याला १४ जानेवारी २०२६ पासून लूव्रसाठी ३२ युरो द्यावे लागतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकांना आणि रहिवाशांना मात्र २२ युरोच. तेव्हा फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या बहिणीने "मला बावीस पडले" म्हटले, तर आपल्यालाही तेवढेच पडतील असे धरून चालू नये.

या भाववाढीमुळे पासाला थोडे वजन आले हे खरे. पण वजन कोणासाठी? दिवसाला दोन-तीन ठिकाणे पाहणाऱ्यासाठी. सत्तरीची आजी लूव्रमध्ये दोन तास चालली की तिला बाकड्यावर बसायचे असते, आणि तो तिचा हक्क आहे. अनेक कुटुंबांत मी ऐकले आहे की पास वसूल व्हावा म्हणून म्हातारीला संध्याकाळी आणखी एका संग्रहालयाच्या पायऱ्या चढायला लावले. हे मला मुळीच पटत नाही. आजीसाठी एक लूव्रचे तिकीट घ्यावे आणि बाकी नोत्र-दाम, सीन नदीचा काठ आणि बागा दाखवाव्यात. आईवडिलांनी हवा तर पास घ्यावा. एका कुटुंबात सर्वांनी एकच वस्तू घेतली पाहिजे असा नियम नाही.

एक ठिकाण आपल्या लोकांकडून हमखास राहून जाते, ते गिमे संग्रहालय. आशियाची कला तिथे आहे. काशाचा नटराज आहे, भारतातील जुन्या मूर्ती आहेत. हेही पासात येते. मंगळवारी बंद.

मेट्रोचा हिशेब तर फळ्यावर मांडण्यासारखा आहे. १ जानेवारी २०२५ पासून पॅरिस आणि सगळ्या उपनगरांसाठी रेल्वेचे एकच तिकीट झाले: त्या वर्षी २ युरो ५० सेंट. विमानतळाचे तिकीट त्या वर्षी १३ युरो होते. दर जानेवारीला यात थोडी वाढ होते. नातेवाइकांकडे उपनगरात उतरणाऱ्यांना या बदलाचा मोठा फायदा झाला, कारण पूर्वी दूर राहिले की तिकीट महाग पडे. नाव्हिगोचा आठवड्याचा पास त्या वर्षी ३१ युरो ६० सेंट होता, आणि फोटो लावलेल्या कार्डाचे ५ युरो वेगळे; एकूण ३६ युरो ६० सेंट. विमानतळाची जा-ये त्यातच येते, म्हणजे २६ युरो तिथेच वसूल. उरलेल्या १० युरो ६० सेंटांत सुटी तिकिटे चार येतात. पाचव्या प्रवासापासून सगळा फायदा. मात्र हा आठवडा सोमवार ते रविवार असतो, आपण उतरलो त्या दिवसापासून सात दिवस नव्हे. शुक्रवारी उतरून पुढच्या गुरुवारी परतणाऱ्याला येतानाच्या प्रवासाचे आणि शनिवार-रविवारचे पैसे वेगळे भरावे लागतील. त्याने हा पास घ्यावा की नाही, हे कागद-पेन्सिल घेऊन ठरवावे.

पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. स्विस ट्रॅव्हल पास रोज आगगाडी-बोटीने फिरणाऱ्यालाच परवडतो, आणि युंगफ्राउयोखच्या शिखरावर त्यात सवलत मिळते, प्रवास फुकट नाही. सहा ते पंधरा वर्षांची मुले आई किंवा वडिलांबरोबर असली तर त्यांना फॅमिली कार्डावर पैसे पडत नाहीत. आजी किंवा मावशी बरोबर असून चालत नाही.

पैशांविषयी. आपला रुपया तिकडे कोणी घेत नाही, हे सांगायला नको. निघण्यापूर्वी बँकेतून थोडे युरो घ्यावेत, तेही दहा-वीसच्या नोटांत. शंभराची नोट पाव विकणारी बाई परत करते. बाकी खर्च कार्डावर. दोन वेगळी कार्डे दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत. दुकानातील यंत्र कधी कधी विचारते: रुपयांत की युरोत? रुपये पाहून आपल्याला बरे वाटते, पण तो भाव दुकानाच्या बाजूने ठरवलेला असतो आणि बहुधा महाग पडतो. "युरो" हेच बटन दाबावे, मग आपली बँक तिचा भाव लावील. ती वर किती टक्के घेते, हे निघण्याआधी विचारून ठेवावे. खिडकीवर विचारायला लाज कसली?

आणखी एक गोष्ट. संग्रहालयाचे तिकीट संगणकावर घेताना बँक आपल्या टेलिफोनवर एक क्रमांक पाठवते. पॅरिसला पोचून मॉरिशसचे सिम काढून ठेवले असेल तर तो क्रमांक येणार नाही आणि पैसे भरले जाणार नाहीत. म्हणून तिकिटे इथूनच, घरी बसून, संग्रहालयाच्या अधिकृत ठिकाणावरूनच घ्यावीत. मधले विक्रेते तेच तिकीट जास्त पैशांनी विकतात. आपल्याला फ्रेंच वाचता येते, तेव्हा खालची बारीक अक्षरेही वाचावीत. ओर्सेमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांना फुकट प्रवेश असतो, पण वेळ राखून ठेवावी लागते, हे अशाच ठिकाणी कळते.

परत येताना नोटा इथे बदलून मिळतात, नाणी सहसा कोणी घेत नाही. ती विमानतळावर क्रोसाँ आणि कॉफीत संपवून टाकावीत.