खानदेश भिल्ल पलटण : उत्तर अमेरिकेतील रेंजर तुकड्यांच्या संदर्भात एक विवेचन

अरण्यप्रदेशातील युद्धात कवायती सैन्य निष्प्रभ ठरते, हा अनुभव उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींना सतराव्या शतकातच आला होता. १६७५-७६ च्या युद्धात कॅप्टन बेंजामिन चर्च याने मूळनिवासी योद्ध्यांना आपल्या तुकडीत घेऊन त्यांच्याच पद्धतीने लढाई केली. प्रतिपक्षाचा नायक मेटाकॉम १६७६ मध्ये मारला गेला, तो या तुकडीतील एका मूळनिवासी सैनिकाच्याच गोळीने. पुढे रॉबर्ट रॉजर्सने १७५७ मध्ये अशा ‘रेंजर’ तुकड्यांसाठी नियमावली तयार केली.

खानदेशात या पद्धतीशी साम्य असलेला प्रयोग १८२५ मध्ये झाला. १८१८ मध्ये हा प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात आल्यावर सातपुडा, सातमाळा व डांगच्या डोंगरांतील भिल्ल नाईकांविरुद्ध फौजा पाठविण्यात आल्या. परंतु अवघड वाटा आणि हिवताप यांपुढे त्या हतबल झाल्या. तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी वायव्येकडील एजन्सीत नंदुरबार व सुलतानपूर हे परगणे मोडत. एकीकडे शेतीसाठी साहाय्य देऊन भिल्लांना स्थिर करणे व दुसरीकडे त्यांच्यातूनच सैन्य उभारणे, असे हे दुहेरी धोरण होते.

पलटण उभारण्याचे काम जेम्स औट्रम या अवघ्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटकडे सोपविण्यात आले. धरणगाव हे तिचे ठाणे होते. औट्रमने प्रथम बळाचा वापर केला आणि नंतर नि:शस्त्र होऊन भिल्लांच्या वस्त्यांत जाणे, त्यांच्यासह वाघाची शिकार करणे, या मार्गांनी विश्वास संपादन केला. आपल्याला एकत्र जमवून ठार मारले जाईल, ही भरती झालेल्यांच्या मनातील भीती दीर्घकाळ टिकून होती. पूर्वानुभव पाहता ती निराधार म्हणता येणार नाही. १८३० मध्ये हीच पलटण डांगवरील मोहिमेत उतरली.

मात्र चर्चची तुकडी एका युद्धापुरती होती. भिल्ल पलटण ही कायमस्वरूपी शासनसंस्था बनली. डोंगरातील माणसाला नियमित वेतन, गणवेश आणि सरकारी ओळख मिळाली, तसेच आपल्याच सोयऱ्यांवर बंदूक रोखण्याचे कर्तव्यही मिळाले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणी येथे खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या अनुयायांविरुद्ध झालेल्या लढाईत ही पलटण इंग्रजांच्या बाजूने होती. खाज्या नाईक स्वत: पूर्वी सेंधवा घाटाच्या रक्षणासाठी इंग्रजांच्या चाकरीत होता, ही बाब येथे दुर्लक्षून चालणार नाही. चाकरी व बंड यांतील सीमारेषा एकाच माणसाच्या आयुष्यात ओलांडली जात होती.

या पलटणीचा इतिहास प्रामुख्याने तिच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनातून ज्ञात होतो. त्यात औट्रमच्या धाडसाचे सविस्तर वर्णन आढळते, शिपाई मात्र बहुधा संख्येच्या रूपानेच येतात. चर्चच्या मोहिमांचा वृत्तान्तही त्याच्याच टिपणांवरून त्याच्या मुलाने प्रसिद्ध केलेला आहे. अक्राणी, तळोदा, अक्कलकुवा परिसरातील मौखिक परंपरेचे संकलन या दृष्टीने झाल्यास त्या शिपायांची बाजू अभ्यासकांसमोर येऊ शकेल.