पडदा बोलू लागला तेव्हा

मूकपटातील नटीला आवाज नव्हता आणि म्हणूनच तिला भाषेचे बंधनही नव्हते. प्रसंगांच्या मध्ये पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. त्या इंग्रजी, हिंदी, गुजराती अशा निरनिराळ्या भाषांत असत. नटीची मातृभाषा कोणती, तिचे उच्चार कसे, हे विचारण्याचे कोणाला कारणच पडत नसे.

त्या काळी चित्रपटात काम करणे प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना कमीपणाचे वाटे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'मधील तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या. पण त्यांचे अनुकरण फारसे झाले नाही. पुढे ही उणीव बऱ्याच अंशी अँग्लो-इंडियन व ज्यू तरुणींनी भरून काढली. पडद्यासाठी त्यांनी भारतीय नावे घेतली. रेनी स्मिथ 'सीतादेवी' झाल्या, रूबी मायर्स 'सुलोचना' झाल्या. (मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या सुलोचना लाटकर त्या वेगळ्या.)

रूबी मायर्स यांचा जन्म १९०७ साली पुण्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. त्या टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करीत होत्या. दिग्दर्शक मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटांत आणले. 'टायपिस्ट गर्ल' (१९२६) गाजला. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' (१९२७) या चित्रपटात त्यांनी आठ भूमिका केल्या; त्यांत पुरुषांच्याही होत्या. त्यांचे वेतन मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा अधिक आहे, असे लोक म्हणत. पुढे त्या अर्देशीर इराणी यांच्या 'इंपीरियल' कंपनीच्या आघाडीच्या नायिका झाल्या.

याच कंपनीने १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' प्रदर्शित केला. त्याची नायिका मात्र झुबेदा होती. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. चित्रण चालू असतानाच नटनटींना स्वतः बोलावे आणि गावे लागे. मायक्रोफोन आसपास लपवून ठेवलेले असत. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून बरेचसे काम रात्री चाले. अशा वेळी अडखळत उच्चारलेले वाक्य झाकणार कसे? ही अडचण केवळ स्त्रियांचीच होती असे नाही. 'आलम आरा'चे नायक मास्टर विठ्ठल हे मूकपटातील नामवंत. पण संवाद त्यांना जमेनात, तेव्हा त्यांचे पात्र बराच वेळ बेशुद्धावस्थेत दाखवण्याची युक्ती योजावी लागली! नटींसाठी अशी पळवाट निघाली नाही. सीतादेवींची कारकीर्द बोलपटाबरोबरच ओसरली.

सुलोचना यांच्या बोलण्यात हिंदुस्तानीचा सराव नव्हता. कीर्तीच्या शिखरावर असलेल्या या अभिनेत्रीने सुमारे वर्षभर काम थांबवले आणि विद्यार्थिनीप्रमाणे ती भाषा शिकून घेतली. १९३२ साली त्या 'माधुरी' या बोलपटातून परतल्या. त्यानंतर 'इंदिरा एम. ए.' (१९३४), 'अनारकली' (१९३५), 'बंबई की बिल्ली' (१९३६) असे चित्रपट आले. यांतील बहुतेक त्यांच्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या होत्या. प्रेक्षकांनी त्यांना पुन्हा स्वीकारले. परंतु हा बहर फार वर्षे टिकला नाही. चित्रपटाला आता स्पष्ट वाणीच्या, गाऊ शकणाऱ्या नायिका हव्या होत्या आणि सुशिक्षित घरांतूनही त्या येऊ लागल्या होत्या. १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा' या प्रभात कंपनीच्या मराठी बोलपटात दुर्गा खोटे यांनी तारामतीची भूमिका केली आणि आपली गाणी स्वतःच गायिली.

सुलोचना पुढे लहान भूमिकांकडे वळल्या. १९२८ च्या मूकपटात व १९३५ च्या बोलपटात त्या स्वतः अनारकली होत्या. १९५३ साली 'अनारकली' पुन्हा निघाला, तेव्हा ती भूमिका बीना राय यांच्याकडे गेली आणि सुलोचना सलीमच्या आईच्या भूमिकेत दिसल्या. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला. १९८३ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.